कानोशाचा हिरवा दिवा

या, असे जवळ या. मागच्या बायांनो, तुम्हीही सतरंजी पुढे ओढा, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. कुणी दोन जिवांची असेल तर तिनं भिंतीला टेकून, पाय पसरून बसावं, आणि मधेच उठावंसं वाटलं तर बेलाशक उठावं. देव हजेरी घेत नसतो. गोष्ट एका कीर्तनकाराच्या लेकीची आहे. ती रोज देवाचं नाव घेत होती आणि रोज थोडी थोडी बुडत होती. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती एकत्र खरी कशी झाली ते आज सांगणार आहे.

निळ्या तापाचे दिवस होते. ताप आला की ओठ आणि नखं निळी पडत, म्हणून लोकांनीच ते नाव ठेवलं होतं. इतरांना तो आठवडाभर लोळवून सोडून देई, पण गर्भार बाईला धरला की दोन जिवांवर बेते. म्हणून सरकारनं पहिला हुकूम काढला तो हाच, की पोटुशा बायांनी दवाखान्याची पायरी चढायची नाही. जिथं तपासायचं तिथंच ताप दबा धरून बसलेला, मग तपासायचं कसं? त्यावर उत्तर म्हणून आला कानोसा.

कानोसा म्हणजे पोटावर बांधायचा चार बोटं रुंद, मऊ पट्टा. बाळाचं काळीज आईच्या जवळजवळ दुपटीनं धावतं. पट्ट्यातले बारीक कान त्वचेवरूनच हे दोन ठोके वेगळे करत आणि बाळाचा ठोका रात्रंदिवस केंद्राला कळवत. पण त्याची खरी कमाल होती ती आईचं मन ओळखण्यात. माणूस घाबरलं की त्याच्या काळजाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडू लागतात. स्वस्थ असलं की तेच काळीज श्वास घेताना जरा पळतं आणि सोडताना जरा रेंगाळतं. हे पळणं-रेंगाळणं जितकं मोठं, तितकं मन निवांत, असं पट्ट्याचं गणित. सकाळ-संध्याकाळ तो बारीक थरथरे, घटकाभर मोजणी करी आणि दर्शनी बाजूचा दिवा लावी. हिरवा लागला की सगळं ठीक. पिवळा लागला की फिरती गाडी घरी येई, परिचारिका तपासून, बोलून जाई. लाल लागला तर गाडी बाईलाच घेऊन जाई विलगीकरणाच्या प्रसूतिकेंद्रात, एकटीला, बाळंत होईपर्यंत.

यंत्र करणारा कुणी परदेशात बसलेला असेल. दिव्यांचे रंग त्यानं रस्त्यावरच्या सिग्नलवरून घेतले असतील. पण आपल्याकडे हिरवा म्हणजे काय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हिरवा चुडा, हिरवं लुगडं, ओटीतला हिरवा खण. पोटुशी बाई आणि हिरवा रंग ही आपल्याकडची सोयरीकच. बघता बघता घराघरांत पट्ट्याचा हिरवा दिवा हा तब्येतीचा निरोप राहिला नाही, तो शकुन झाला. सासवा त्याला हळदीकुंकू वाहू लागल्या. आणि दिवा पिवळा होणं ही सुनेची तक्रार न राहता घरावरचा डाग ठरू लागलं.

शेलवाडी नावाच्या तालुक्याच्या गावात, सोलर कारखान्याच्या वसाहतीत तन्मयी राहत होती. नवरा पुष्कर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर. ताप पसरला तेव्हा तो तिकडेच अडकला, कारण चक्क्या थांबल्या तर दवाखान्यांची वीज थांबली असती. घरात ती आणि सासू कालिंदीबाई. सासूला ती मामी म्हणे. मामी तोंडानं फटकळ, हातानं मायाळू. तन्मयीचं हे दुसरं गरोदरपण. पहिलं गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात हातचं गेलं होतं, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. भरल्या पोटाच्या बाईपुढे अशुभ बोलू नये ना, म्हणून.

आठवा महिना लागला त्या सुमारास एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामी, बाळ हलत नाही."

"झोपलं असंल माय. तुझा नवरा बी पोटात असाच आळशी होता. आता तरी कुठं सुधारलाय?"

"नाही मामी, कालपासून कमी झालंय. मला भीती वाटतेय."

मामींनी वळून पाहिलं, ते सुनेच्या तोंडाकडे नव्हे, पोटाकडे. मोजणी नुकतीच झाली होती. दिवा पिवळा होता.

"अगं बाई!" हातातलं उलथनं तसंच राहिलं. "पिवळा? आता कसं करावं माय! समोरच्या गव्हाण्यांची सून अशीच पिवळी झाली, दुसऱ्या दिवशी लाल झाली, न् गाडी घेऊन गेली. अजून तोंड दिसंना तिचं. तू बस बघू आधी. पाणी पी. देवाचं नाव घे."

तन्मयी बसली. आणि नाव घ्यायचं म्हणताच लहानपणीची सवय आपोआप वर आली. तिचे वडील वामनबुवा पोखर्णीकर म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले कीर्तनकार. लेक चार वर्षांची असल्यापासून त्यांनी तिला मागे उभी करून साथ करायला शिकवलं होतं. "नाव पोटातून, श्वास बेंबीपासून. एका श्वासात सगळी ओळ. मधे तुटलीस तर देवाची वाट तुटली." तिनं डोळे मिटले. लांब, संथ सुरात 'रामकृष्णहरी' सुरू केलं. मिनिटाला पाच-सहाच श्वास. पट्टा पुन्हा थरथरला, कारण पिवळ्यानंतर तो एकदा फेरमोजणी करी.

दिवा हिरवा झाला.

"बघ!" मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ माय, नामाची करणी!"

आता इथं शास्त्र काय सांगतं ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. श्वास लांबवला की काळजाचं ते पळणं-रेंगाळणं वाढतंच. मनात काहीही चाललेलं असो. ही लबाडी नव्हे, हा देहाचा धर्म आहे. सामान्य बाई घाबरली तर तिचा श्वास आखूड होतो, म्हणून पट्ट्याचं गणित शंभरातल्या नव्वद जणींना बरोबर लागू पडे. पण जिला जन्मभर हेच शिकवलंय, की भीती वाटली तर दीर्घ श्वासावर नाव घ्यायचं, ती जितकी जास्त घाबरेल तितकं जास्त गाईल, आणि तितका दिवा जास्त हिरवा दिसेल. पट्टा बनवणाऱ्यांनी कीर्तनकाराची लेक कधी पाहिलीच नव्हती.

मी नामाला कमी लेखतोय असं समजू नका. त्या लांब श्वासानं तिला घटकाभर बरं वाटेही. पण ओळ संपे, आणि भीती जिथं बसली होती तिथंच बसलेली असे.

बाळ दुपारी हललं. तरी तन्मयीची धास्ती काही गेली नाही. ती पट्ट्याचा आवाज मोबाइलवर लावून बाळाचा ठोका ऐके. जेवताना, अंघोळीला जाताना, दार उघडताना ऐके. ठोका ऐकू येत असताना वाटे, आता थांबेल. हळूहळू एक विचार मनात घर करू लागला. पहिलं माझ्याच पोटात गेलं. म्हणजे माझ्याजवळ असणं हेच लेकरासाठी धोक्याचं आहे. मी नसले तर ते वाचेल. विचार असा शांतपणे येई, जणू भाजीत मीठ कमी पडलंय एवढीच गोष्ट. त्याच्या त्या शांतपणाचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटे. मग मोजणीची वेळ होई, पट्टा थरथरे, आणि ती गायला बसे.

पुष्करचा फोन येई तेव्हा मागे वारा घोंघावत असे.

"इथं चहूकडे पाणी न् ताटात रोज मटकीची उसळ. बाहेर आलो की मटकीवर खटला भरणार आहे मी. तू कशी?"

"बरी आहे."

"ते मला माहितीये गं, मोबाइलवर तुझा दिवा बघतो ना रोज. खरं सांगू? तुझा दिवा हिरवा दिसला की मगच मला झोप लागते. नाहीतर इथं लोक वेडे व्हायची पाळी आलीये."

नवऱ्याची झोप तिच्या श्वासाला टांगलेली.

मग तिनं वडिलांना फोन लावला. देवळं बंद झाल्यापासून बुवा पोखर्णीच्या घरातच कॅमेऱ्यासमोर उभे राहून रोज संध्याकाळी कीर्तन करत. टाळकरी नाहीत, साथीला यंत्राचा तंबोरा. पण ऐकायला जिल्हाभरातल्या पोटुशा बाया, कारण पट्ट्याबरोबर प्रत्येकीला मोबाइल मिळाला होता आणि संध्याकाळ काही केल्या सरत नसे.

"अण्णा, तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोल की! पण थांब, आधी मी बोलतो. अगं तनू, मामींनी तुझ्या पट्ट्याचा आलेख पाठवला मला. काय लाट आहे! हा डोंगर, ही दरी, पुन्हा डोंगर. मी केंद्रातल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, बुवा, इतकं शांत मन अख्ख्या तालुक्यात नाही. आपल्या आज्यापणज्यांनी घसा फोडून सांगितलं ते या पट्ट्यानं कागदावर काढून दाखवलं गं! आज दृष्टांत हाच. तुझं नाव नाही घेत, 'एक माउली' म्हणतो."

"अण्णा, पण मला..."

"लाजतेस कशाला? बरं, तू काय सांगणार होतीस?"

तिनं फोन या कानाचा त्या कानाला धरला. वडिलांचा आवाज कित्येक महिन्यांनी असा उमललेला होता.

"काही नाही. जेवलात का, विचारत होते."

त्या संध्याकाळी बुवांनी पूर्वरंगात नाममहिमा लावला. लाटेचा आलेख पडद्यावर दाखवला. 'एक माउली, एक माउली' म्हणता म्हणता दहा मिनिटांतच त्यांना राहवलं नाही. "कशाला लपवू? ती माउली म्हणजे माझीच लेक हो!" पडद्यावर शेकडो हात जोडलेले दिसले. मामींनी स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवल्या. तन्मयी पलंगावर बसून स्वतःचा आलेख बघत होती. तो डोंगर म्हणजे ती रडत गायलेली ओळ होती. दरी म्हणजे पुढचा श्वास घ्यायचा की नाही असं वाटलं तो क्षण.

आता तिला मागे फिरायची वाट उरली नाही. दिवा पिवळा झाला असता तर नुसती सून पिवळी झाली नसती. बापाचं कीर्तन खोटं पडलं असतं, आणि तिच्या भाबड्या जिवाला वाटे, नामही खोटं पडलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून बायांचे निरोप यायला लागले. त्यातला एक आवाज तिच्या लक्षात राहिला. जाडसर, थोडा घोगरा.

"ताई, मी पद्मिनी, बोरगव्हाणची. तुमच्या वडिलांचं कीर्तन ऐकलं. माझा दिवा सारखा पिवळा व्हायचा. नर्सबाई यायच्या, बसायच्या, बोलायच्या. आता तुमच्यासारखं लांब श्वासावर म्हणते तर हिरवा होतो. घरचे खूष आहेत. फक्त नर्सबाई यायच्या बंद झाल्या. एक विचारू? तुम्हाला म्हटल्यावर खरंच बरं वाटतं का हो? का मलाच येत नाही नीट?"

तन्मयीनं निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. खरं लिहावं म्हणून तिनं मोबाइल हातात धरला. मग अण्णांचा उमललेला आवाज आठवला. तिनं उत्तर दिलं, "हो, वाटतं बरं. रोज म्हणत जा. मनापासून म्हण."

पद्मिनीसारख्या कितीतरी जणी निघाल्या. बुवा आता कीर्तनाआधी श्वासाचा पाठच देऊ लागले, संध्याकाळच्या मोजणीची वेळ साधून. शेलवाडी तालुका पडद्यावर हिरवागार झाला. केंद्रानं बघितलं, इथं पिवळं काहीच नाही. गाड्या थोड्या, तालुके जास्त. त्यांनी शेलवाडीची फिरती गाडी उचलून दुसरीकडे दिली. त्यांचंही चूक कसं म्हणावं? समोर दिसतंय त्यावरच माणूस चालणार.

महिन्यातून एकदा डॉक्टरांचा पडद्यावरून फोन येई. डॉक्टर वैजयंती भालेराव, डोळ्यांखाली मास्कचे वळ, आवाज थकलेला पण मायेचा.

"तन्मयी! वा, तुझं बघायला घेतलं की मलाच बरं वाटतं. सगळं हिरवं. काही त्रास?"

"झोप लागत नाही डॉक्टर."

"आठव्या-नवव्यात कुणाला लागते? डाव्या कुशीवर झोप. पायात उशी घे."

"तसं नाही. मला वाटतं, बाळ माझ्याजवळ..."

डॉक्टरांच्या मागे कर्कश घंटा वाजली. त्यांनी मान वळवली. "माफ कर हं बाळा, लाल आलीये एक. तुला काही लागलं तर कळव. पण तुझी मला काळजी नाही." आणि पडदा काळा झाला.

तुझी मला काळजी नाही. बिचारीनं चांगल्या मनानं म्हटलं होतं.

नववा लागला तशी मामींनी डोहाळजेवणाची टूम काढली. "साथ असली म्हणून काय झालं? पडद्यावर करू. तुझे वडील कीर्तन करतील, मधे तू गा. सगळ्या जणी बघतील." बंद दारांच्या दिवसांत म्हातारीला एक दिवस तरी घर घरासारखं करायचं होतं. तिनं चकल्या तळल्या, पुरण वाटलं. बर्फी आणि पेढ्याच्या झाकलेल्या वाट्या मांडल्या. हिरवी पैठणी काढली आणि निऱ्या अशा चोपून लावल्या, की पोटावरचा दिवा पदराआड जाऊ नये.

त्याच सकाळी तन्मयीनं पद्मिनीला निरोप धाडला होता. कितीतरी दिवस तिचा आवाज आला नव्हता. "कशी आहेस? आज कीर्तनाला ये." उत्तर दुपारी आलं, पण आवाज वेगळा होता.

"ताई, मी तिची जाऊ बोलते. पद्मिनी गेली. परवा पट्टा काढून पलंगावर ठेवला न् घरातून निघून गेली. ती जिवंत नाही सापडली. लेकरू बी नाही. आम्हाला कळलंच नाही हो. काढेपर्यंत हिरवाच होता. आम्ही म्हणायचो, आता बरी झाली."

"झाली का गं तयार?" मामी आत आल्या आणि कौतुकानं दारातच थबकल्या. "दृष्ट लागंल! थांब, काजळाचं बोट लावते. अशी काय पांढरी पडलीस? लाजायलीस होय?"

तन्मयीनं मोबाइल पालथा ठेवला. मामींनी तिला हाताला धरून सजवलेल्या पाटावर बसवलं.

पडदा उजळला. एका चौकटीत पुष्कर, मागे वारा. एकीत अण्णा, डोक्याला फेटा. आणि खाली बारक्या बारक्या चौकटींत तालुक्यातल्या बाया, प्रत्येकीच्या पोटावर हिरवा ठिपका. बुवांनी नमन केलं, चार गमतीचे टोले मारले. "विहीणबाईंच्या पुरणाचा वास इथवर यायला लागलाय, या यंत्रात सगळं आहे, फक्त वाटी पुढे करायची सोय नाही!" सगळ्या हसल्या. मग त्यांचा आवाज मऊ झाला.

"आता मोजणीची वेळ झाली. आज मी नाही शिकवणार. जिच्यापासून तुम्ही हे शिकलात ती माझी तनू म्हणेल, तुम्ही मागून म्हणा. चल बाळा. लांब श्वास."

पट्टा थरथरला. तन्मयीनं सवयीनं श्वास भरला. छाती भरून आली, ओठ उघडले. समोर त्या सगळ्या चौकटींत बायांनी तिच्याबरोबर श्वास भरलेला तिला दिसला. त्यांत कोण कोण पद्मिनी होती? कोण काय विचार मनात घेऊन बसली होती? हिरव्या ठिपक्यांवरून ओळखू येत नव्हतं. आणि हे तिला कळत होतं, एकटीला.

तिनं श्वास सोडून दिला. गायली नाही.

श्वास आखूड झाला, धापा लागल्या. इतके दिवस ज्याच्यावर झाकण धरलं होतं ते सगळं वर आलं, आणि या खेपेला तिनं ते येऊ दिलं. दिवा पिवळा झाला.

"अगं!" मामींचा हात तोंडावर गेला.

"पोर घाबरली," बुवा घाईनं म्हणाले. "हरकत नाही. चला, सगळे मिळून तिच्यासाठी म्हणू. रामकृष्ण..."

"नको अण्णा!" तिचा आवाज चिरकला. "आत्ता नको. म्हणू नका."

कीर्तनात कुणी कधी असं बोललं नव्हतं. तंबोरा तेवढा वाजत राहिला.

"मी रोज गाते तेव्हा मला बरं वाटत नाही अण्णा. मी घाबरलेली असते. घाबरले की तुम्ही शिकवलेला लांब श्वास घेते, न् पट्टा फसतो. मला वाटतं, मी नसले तर बाळ वाचेल. रोज वाटतं. बोरगव्हाणच्या पद्मिनीनं मला विचारलं होतं, खरंच बरं वाटतं का. मी खोटं सांगितलं. तुमचा दृष्टांत मोडू नये म्हणून. ती गेली अण्णा. पट्टा काढेपर्यंत हिरवी होती."

दिवा लाल झाला. खोलीत पट्ट्याची घंटा वाजू लागली.

पुष्करच्या चौकटीत तो उभा राहिला होता, काही बोलत होता, वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. बुवांचा चेहरा मात्र कुणी फडक्यानं पुसून घ्यावा तसा कोरा झाला होता. वाटलं असतं तर ते म्हणू शकले असते, पोरीची श्रद्धा कमी पडली. असं म्हणणारे कीर्तनकार मी पाहिलेत. टाळ्याही मिळतात.

बुवांनी हात लांब करून तंबोरा बंद केला.

"गजेंद्राचा पाय मगरीनं धरला," ते हळू बोलू लागले, कीर्तनाच्या नव्हे, घरातल्या आवाजात, "तेव्हा त्यानं सूर लावला नव्हता. किंचाळला होता तो. द्रौपदीनं काय ताल धरून हाक मारली? आणि मी माझ्या लेकीला किंचाळायच्या जागी गायला शिकवलं. नाव ही हाक आहे, बायांनो. मी त्याचं झाकण केलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "आता माझं एक ऐका. मोजणी सुरू आहे. कुणी गाऊ नका. जिला जशी भीती वाटते तसा तिचा श्वास येऊ द्या. दिवा काय व्हायचा तो होऊ दे. हिरव्याला देव भुललेला नाही."

मग खालच्या कोपऱ्यातल्या एका चौकटीत ठिपका पिवळा झाला. मग तिच्या शेजारचा. एक पोरगी पदरात तोंड घालून हमसू लागली. एकीच्या मागून कुणी तरी खेकसलं, "बंद कर ते!" आणि तिनं मान न वळवता म्हटलं, "नाही करणार." सगळ्या नाही बदलल्या. पुष्कळ जणी खरोखरच हिरव्या होत्या. पण केंद्राच्या भिंतीवरचा शेलवाडीचा नकाशा, ज्याच्याकडे कुणी बघतही नसे, तो पेटल्यासारखा झाला, असं डॉक्टर भालेरावांनी नंतर सांगितलं. गाड्या पुरल्याच नाहीत. ज्याला बोलता येईल त्याला फोनवर बसवलं. निवृत्त मास्तरणी, बँकेतले कारकून, कॉलेजातल्या पोरी. त्यांना सांगितलं एकच, दिवा बघू नका, बाईला विचारा, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत ऐका.

तन्मयीच्या दारात गाडी आली. जिची तिला एवढी धास्ती होती तीच गाडी. पांढऱ्या पोशाखातल्या परिचारिकेनं सांगितलं, फक्त पेशंट.

"मी बी येणार," मामी म्हणाल्या.

"आजी, परवानगी नाही. केंद्रात कुणालाच..."

"आत नका घेऊ. दारात बसते." मामींनी पायांत चपला सरकवल्या होत्या. "महिनाभर दिव्याकडं बघत बसले, पोरीच्या तोंडाकडं नाही बघितलं. आता लाल तर लाल. माझी सून आहे."

नियम म्हणजे नियम. मामींना गाडीत घेतलं नाही. पण तीन दिवस फोनवरून त्यांनी केंद्राला असं काही भंडावून सोडलं, की शेवटी तपासण्या करून, काचेपल्याडच्या खोलीत एक खुर्ची त्यांना मिळाली. त्यांच्यामागून बाकीच्यांनाही मिळाल्या. पुढे तो नियमच झाला.

तन्मयीवर औषधोपचार झाले, आणि रोज कुणी तरी तिच्याशी बोललं. मुलगी झाली. अंगानं बारीक, रडायला खणखणीत. पण लेक कुशीत आली आणि भीती पळाली, असं काही झालं नाही, आणि मी तसं सांगणारही नाही. कित्येक महिने ती बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत बसे. गोळ्या चालूच होत्या. काही दिवस मामींना हाक मारून म्हणे, "मामी, आज वाईट दिवस आहे," आणि मामी हातातलं टाकून येऊन शेजारी बसत. नाव ती पुन्हा घेऊ लागली, पण फार उशिरा. आणि घेतलं तेव्हा श्वास मधेच तुटत होता. तिनं तो तुटू दिला.

पट्ट्याचं गणितही नंतर सुधारलं म्हणतात. सुधारलं असेल. यंत्र आहे, शिकवलं की शिकतं.

तर मंडळी, कीर्तन संपलं की आपण बुक्का लावतो, प्रसाद घेतो, घरी जातो. आज जाण्याआधी माझं एक मागणं आहे. तन्मयीला आठवू नका, तिची माणसं तिच्याजवळ आहेत. बोरगव्हाणच्या पद्मिनीला आठवा. पुढे तिच्या जावेनं तन्मयीला सांगितलं, की पद्मिनीला गाता येतच नव्हतं. आवाज फुटका, सूर हलायचा, घरात हसायचे सगळे. तरी ती रोज लांब श्वासावर म्हणायची, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की यानं बरं वाटतं.

उद्या सकाळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा तिचं नाव घ्या. सूर लावू नका. कुणाला तरी लांबून हाक मारतो ना आपण, तसं घ्या. पद्मिनी.